आतलं हवामान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर जो विषय सुचवला होता तो होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी हात जोडले. त्या विषयावर तुम्हाला रोज सकाळी मोबाइलवर चार भाषणं फुकट मिळतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सर्व्हर रात्री-अपरात्री बसू नयेत, बसले तर लगेच उठावेत, हे बघणं माझं काम. पण गेल्या मे महिन्यापासून मी सगळ्यात जास्त वाचन ज्या यंत्रणेबद्दल केलं, ती कंपनीत नाही, इथं प्रत्येक खुर्चीत बसलेली आहे. आपल्या बॅचचे डॉक्टर मागच्या रांगेत आहेत. शाळेतही तिथंच बसायचे. माझं काही चुकलं तर त्यांनी खुशाल टोकावं.

आधी एक हिशेब. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. या हॉलमध्ये आपण 200 जण धरू. म्हणजे 20 हजार वॉट. एक-एक किलोवॉटचे 20 हीटर लावून आपण बसलो आहोत, आणि वरून तक्रार करतो आहोत की मंडपवाल्यानं कूलर कमी आणले. बाहेर ऊन, आत हे हीटर, आणि तरीही प्रत्येकाच्या पोटात, छातीत, मेंदूत तापमान 37 अंशांच्या आसपास टिकून आहे. जानेवारीत पहाटे शेकोटीशी बसायचो तेव्हाही तेवढंच होतं.

आतलं वातावरण स्थिर ठेवणं ही जगण्याची अट आहे, हे एकोणिसाव्या शतकात क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडलं. आपल्या पेशी बाहेरच्या जगात राहतच नाहीत, त्या शरीरातल्या द्रवात राहतात, आणि तो द्रव सांभाळला की बाहेर काहीही चालू दे, असा त्याचा विचार. पुढं अमेरिकेत वॉल्टर कॅनन यानं त्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं आणि 1932 मध्ये त्यावर एक पुस्तक लिहिलं. मराठीत समस्थिती म्हणतात. माझ्यासाठी गमतीची गोष्ट पुढची आहे. कॅननबरोबर हार्वर्डमध्ये आर्तुरो रोझेनब्लूथ नावाचा मेक्सिकन शरीरशास्त्रज्ञ काम करायचा. त्याची आणि नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाची दोस्ती होती, आणि वीनरनं 1948 मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक लिहून ते रोझेनब्लूथला अर्पण केलं. इंजिनिअरिंगला आम्हाला फीडबॅक शिकवला तो मोटारी आणि व्हॉल्व्हच्या आकृत्या काढून. त्या विचाराच्या घडणीत एका शरीरशास्त्रज्ञाचाही हात आहे, हे त्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही.

फीडबॅक म्हणजे काय ते आपल्या गावात कुणाला सांगायला नको. कूलरच्या टाकीत तरंगता बॉल असतो. पाणी उतरलं की बॉल खाली, नळ सुरू. पाणी चढलं की बॉल वर, नळ बंद. मोजणारा आणि दुरुस्त करणारा. शरीरात असे असंख्य बॉल आहेत.

कूलरचंच पुढं घेऊ, कारण तो आपल्या घामाचा सख्खा भाऊ. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा गेली की पाणी वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. घाम तेच करतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर आपण साडेसहा-सात तास बसून जेवढी उष्णता तयार करू तेवढी निघून जाते. अट एकच, तो वाळला पाहिजे. टपकून खाली पडलेला घाम वाया. म्हणून मुंबईत आपला कूलर नुसता भिजका वारा देतो, आणि तिथं 34 अंशांतही जीव नकोसा होतो. इथं 45 अंशांत हवा कोरडी म्हणून निभावतो. पण 45 म्हणजे हवा आपल्या कातडीपेक्षा गरम. मग उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आतच येते, आणि घाम एवढी एकच वाट उरते. डोक्याला-कानाला दुपट्टा बांधून निघणारी आपली आजी ऊन आणि झळ दोन्ही अडवत होती.

आणखी एक. पुण्या-बंगलोरहून मे महिन्यात येणाऱ्यांना इथली मंडळी हसतात, ‘आता सोसत नाही का ऊन?’ खरंच सोसत नाही. उन्हाची सवय शरीराला आठवडा-दोन आठवड्यांत लागते. घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. शरीर मीठ वाचवायला शिकतं. आपण दोन दिवसांच्या लग्नाला येतो, तेवढ्यात शरीराचा अभ्यासक्रम सुरूही होत नाही.

ताप आणि उष्माघात यांतला फरक मात्र प्रत्येकानं समजून घ्यावा. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच आकडा वर करतो. 37 ऐवजी 39 हवेत, असा हुकूम देतो. म्हणून अंग तापलेलं असताना थंडी वाजते, आपण गोधडी ओढतो. पॅरासिटामॉल तो आकडा पुन्हा खाली आणतं. उष्माघातात आकडा 37 वरच असतो, यंत्रणा मात्र हरलेली असते. तिथं पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही. माणूस उन्हातून येऊन असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि तसेच गाडीत घालून दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता मीठ-पाण्याकडे येते. खरं म्हणजे त्याचसाठी उभी राहिले आहे.

माझे बाबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेत. तुमच्या नोकरीची पत्रं त्यांच्या हातून गेली आहेत. आता ते 78 वर्षांचे आहेत. गेल्या मे महिन्यात आईचा फोन आला की दोन दिवसांपासून ते झोपूनच असतात, चालताना भिंत धरतात, चिडतात. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला विचारलं, ‘आज पोस्ट अजून का उघडलं नाही?’ निवृत्त होऊन 18 वर्षं झाली होती. घरी जमलेले सगळे एकच बोलत होते, वय झालं, आता हे असंच चालायचं. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम 118. असायला हवं 135 ते 145 च्या दरम्यान.

‘मीठ कमी पडलं’ असं आपण सहज म्हणतो, आणि नातेवाईक पापड-लोणचं घेऊन हजर होतात. पण हा आकडा मिठाचं वजन सांगत नाही. रक्तात मिठाच्या मानानं पाणी किती, ते सांगतो. बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. हे प्रमाण सांभाळायला मेंदूत सेन्सर आहेत, आणि एक-दोन टक्क्यांचा बदल त्यांना कळतो. रक्त दाट होऊ लागलं की तहान लागते आणि व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, पाणी धरून ठेव. पातळ झालं की ते थांबतं आणि पाणी सुटतं. मूत्रपिंडांचं काम ऐकून मी थक्क झाले. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. एवढ्या मोठ्या उलाढालीवर एवढा बारीक हिशेब आमच्या कुठल्याही सिस्टिममध्ये मी पाहिलेला नाही.

मग बाबांचं बिघडलं कसं? एकेक गोष्ट आपापल्या जागी शहाणपणाची होती. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. त्या जातीच्या काही औषधांमुळे मूत्रपिंडाची जादा पाणी बाहेर टाकायची ताकद कमी होते. दाबासाठी मीठ कमी केलं होतं. उन्हाळ्यात भूक मंदावली, म्हणून दोन वेळा नुसती पेज. आणि जो येईल तो सांगायचा, भरपूर पाणी प्या. बाबा शिस्तीचे, तांब्या भरून मोजून प्यायचे. मूत्रपिंडाला निव्वळ पाणी बाहेर टाकता येत नाही. प्रत्येक लिटरबरोबर थोडे तरी क्षार आणि युरिया लागतात, आणि ते येतात जेवणातून. जेवणच नाही, तर पाणी जाणार कशाच्या सोबतीनं? मोबाइलवर फिरणारे ‘रोज चार लिटर पाणी प्या’ हे संदेश म्हणूनच मला आवडत नाहीत. शेतात राबणाऱ्या पंचविशीतल्या पोराला तेही कमी पडेल, आणि घरात बसलेल्या 78 वर्षांच्या माणसाला जड होईल.

दवाखान्यात मामा डॉक्टरांना म्हणाले, ‘एवढंच आहे तर दोन बाटल्या मिठाच्या चढवा आणि मोकळं करा.’ डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘आकडा चढवणं सोपं आहे हो. मेंदूला सोबत आणायचंय.’ त्याचा अर्थ मी नंतर वाचला. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, त्या फुगतात, आणि कवटी काही वाढत नाही. मग त्या पेशी एक-दोन दिवसांत आपल्या आतले विरघळलेले पदार्थ बाहेर टाकून पुन्हा आकारावर येतात. जुळवून घेतात. अशा वेळी सोडियम झपकन वर नेलं तर त्याच पेशींतून पाणी वेगानं ओढलं जातं आणि मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून 24 तासांत साधारण 8 च्या वर न्यायचं नाही. हॉटेलातल्या शॉवरला गरम पाणी उशिरा येतं, आपण घाई करून नळ पूर्ण फिरवतो आणि पोळून घेतो, तसं. जिथं परिणाम उशिरा दिसतो तिथं हात हलकाच हवा.

दर काही तासांनी रक्त तपासत होते. 118, 124, 131. तिसऱ्या दिवशी नर्स तक्त्यावर काहीतरी लिहीत होती. बाबा तिला म्हणाले, ‘पत्ता असा लिहिला असता तर पत्र पोचलं नसतं.’ आई इतक्या दिवसांत तेव्हा पहिल्यांदा रडली.

याच्या उलटही होतं. म्हातारपणी तहानेचा सेन्सर मंदावतो, पाणी कमी पडलं तरी तहान लागत नाही. आणि जुलाब किंवा खूप घाम होऊन मीठ आणि पाणी दोन्ही गेलं, तर नुसतं पाणी पुरत नाही. तिथं आपली जलसंजीवनी. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं, एवढ्यावर ती चालते. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, मोजूनच टाका.

इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आईवडील या गावात किंवा आसपास एकटे राहतात, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. तर उद्या निघण्यापूर्वी एवढं करा. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पानं एका कागदावर उतरवून फोटो काढून ठेवा, आणि त्यात लघवीची गोळी आहे का, पाणी किती प्यायचं, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका. आणि चांगलं बोलणारं माणूस दोन-तीन दिवसांत अचानक बरळू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी सोडियम तपासा. वय दोन दिवसांत होत नसतं.

बाई घड्याळाकडे बघायला लागल्या आहेत, आणि त्या तसं बघायला लागल्या की काय होतं हे मला अजून आठवतं. प्रश्न असतील तर जेवताना विचारा. अवघड असतील तर मागच्या रांगेकडे पाठवीन. पन्हं केलेलं आहे, त्यात मीठही आहे, मी चाखून बघितलं.