पडद्यावरची तपासणी आणि पोटमाळ्यावरचा कामगार

(लहान व्यावसायिक व कामगार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आगीच्या धोक्याची तपासणी आता ऑनलाइन करता येते. मोबाईलवर काही प्रश्नांची उत्तरे भरावयाची आणि अहवाल घ्यावयाचा. साताऱ्याच्या पेढेवाल्याला, सांगलीच्या हळदीच्या अडत्याला वा विट्याच्या यंत्रमागधारकाला ही सोय मोहात पाडील, यात नवल नाही. तज्ज्ञाची फी लहान धंद्याला परवडत नाही. म्हणून या साधनाची सरसकट हेटाळणी करणे योग्य नव्हे. ज्याने आगीचा कधी विचारच केला नाही, त्याला ते विचार करावयास लावते. प्रश्न एवढाच, की तेथेच थांबता येईल काय?

18 डिसेंबर 2017 च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रस्त्यावर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि 12 कामगार प्राणास मुकले. कामगार तेथेच झोपत असत. 'रात्री आत कोणी झोपते काय?' या प्रश्नाचे खरे उत्तर देणे ज्याला गैरसोयीचे, त्याच्याच हाती प्रश्नावली असते. पोटमाळ्यावरच्या कामगाराला कोणी विचारीत नाही.

मालक प्रामाणिक असला तरी भागत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये विट्यात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या इमारतीला आग लागून एकाच कुटुंबातील चौघे दगावले. दुकानावर राहणाऱ्याला आपल्या एकुलत्या एका जिन्यात धोका दिसत नाही. तो सवयीचा झालेला असतो. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. तेव्हा भिजलेल्या वायरिंगविषयी विचारले, तर दिवे लागतात म्हणून 'ठीक आहे' असे लिहिले जाईल. भिंतीआडचा गंजलेला सांधा पडद्यावर उमटत नाही.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने जबाबदारी मालकावर, आणि तो न सापडल्यास भोगवटादारावर टाकली आहे. अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यांत देणे त्यात बंधनकारक आहे. स्वतः भरलेला ऑनलाइन अहवाल त्याची जागा घेऊ शकत नाही.

परंतु लहान माणसाला नुसता कायदा दाखवून शासनाला मोकळे होता येणार नाही. कारखानदार तज्ज्ञ विकत घेतो. टपरीवाल्याने पडद्यावर समाधान मानावे, ही सुरक्षिततेतील वर्गव्यवस्थाच होय. तेव्हा मागणी स्पष्ट असावी. ऑनलाइन प्रश्नावली ही पहिली पायरी समजावी. साताऱ्याची नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाडची महापालिका यांच्या अग्निशमन दलांनी लहान गाळ्यांची वर्षातून एकदा विनामूल्य, प्रत्यक्ष पाहणी करावी आणि त्यासाठी शासनाने माणसे व पैसा द्यावा. व्यापारी संघांनी पेठेगणिक या पाहणीची आखणी करावी. आणि प्रत्येक अहवालावर मालकाबरोबर तेथे राबणाऱ्या एका कामगाराचीही सही असावी. दार कोठून बंद होते, हे त्यालाच ठाऊक असते.