परमुलखातील पहिला आठवडा



लेकरू परदेशी शिकावयास निघाले की आपण वाटेची धास्ती घेतो. पण खरी कसोटी तेथल्या पहिल्या आठवड्यात लागते. सन १९१३ च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कास गेले. वडील त्याच वर्षी वारलेले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहात बिऱ्हाड केले, तो तेथील अन्न मानवेना. म्हणून ते माघारी फिरले काय? नाही! आठवडाभरात त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. १९१५ साली ते एम. ए. झाले.

तेव्हा मायबापहो, पहिल्या आठवड्यात लेकरू फोनवर रडले तर ‘परत ये’ म्हणू नका. ‘खोली बदल, खाणावळ बदल, सोबती जोड, पण विद्या सोडू नको,’ एवढेच सांगा.