मामांची गाडी : ठेवावी की द्यावी?

आम्ही दोघी जावा, नेकनूरच्या. आज आपल्याशी बोलायला बसलोय ते घरातल्या एका वस्तूबद्दल. वस्तू म्हणजे गाडी. आता तुम्ही म्हणाल, गाडीचं काय बोलायचं, तो पुरुषांचा विषय. पण घरातली कुठलीही वस्तू विकायची म्हटली, की त्या वस्तूच्या मागं बाईचा घाम असतोच. आणि विकायची की ठेवायची हे ठरताना तिला विचारतातच असं नाही. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतलाय.

आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, वेल्डिंगचं आणि फिटिंगचं काम करायचे. नांगर, पाळी, बैलगाडीच्या लोखंडी धावा, पाण्याच्या टाक्या, दारं-खिडक्या असं सगळं. 1996 साली त्यांच्या मनात आलं, जुन्या सिनेमात असते तशी दोन माणसांची उघडी गाडी करायची. लांब नाक, गोल दिवे, मागं सुटं चाक. पाइप जोडून सांगाडा केला, त्याला भंगारात निघालेल्या रिक्षाचं इंजिन बसवलं, वरून पत्रा ठोकून अंग केलं. दोन वर्षं लागली. लाल रंग दिला. पोळ्याला बैलांच्या मागून ती गाडी निघायची, लग्नात नवरदेव तिच्यात बसायचा. त्यापलीकडं ती कधी रस्त्यावर नेली नाही. तिला पासिंग नव्हतं आणि मामांना ते पक्कं ठाऊक होतं.

अशा गाडीला प्रतिकृती म्हणतात. म्हणजे जुन्या, नावाजलेल्या गाडीसारखी दिसणारी, पण नव्यानं बनवलेली. हा नाद फक्त आमच्या मामांचा नव्हता. इंग्लंडात 1957 साली लोटस कंपनीनं सेव्हन नावाची छोटी, हलकी स्पोर्ट्स गाडी काढली. तिचे सुटे भाग विकत मिळायचे आणि लोक घरीच ती जोडायचे. तिच्यासारख्या गाड्या पुढं जगभर निघाल्या. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्यानं तशीच गाडी काढली. फायबरचं अंग आणि आत 1800 सीसीचं इसुझू इंजिन. हा कारखाना काढणाऱ्या दोघांमध्ये शमा बोथे या एक बाई आहेत, हे मैत्रिणींनो ध्यानात ठेवा.

आणि आपल्यासारख्याच घरातलं उदाहरण हवं असेल, तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी भंगारातून छोटी जीप केली. खर्च साठ हजारांच्या आसपास. गाडी चालू करायला मोटरसायकलसारखी किक मारायची. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत सगळीकडं फिरली आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जाहीर केलं, ही गाडी आम्हाला द्या, बदल्यात नवी बोलेरो घ्या. आपल्याला वाटेल, यात विचार कसला करायचा? पण लोहारांच्या घरी विचार झाला. ही आमच्या घरातली पहिली गाडी, ही लक्ष्मी, ती कशी द्यायची, असं त्यांना वाटलं. शेवटी जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झाली. लाखोंची नवी गाडी समोर उभी असतानासुद्धा हातानं केलेली गाडी देताना जीव अडकतो, हे आम्हाला तेव्हा बातमीत वाचलं होतं. पुढं ते आमच्याच दारात आलं.

मामा 2019 साली गेले. गाडी वर्कशॉपमध्येच उभी राहिली. आमचे मालक दोघंही दर महिन्याला तिला पुसायचे, इंजिन फिरवून बघायचे. बॅटरी दोनदा बदलली. टायर उभ्या उभ्या तडकले. इकडं आम्ही दोघी बचत गटात. गटातून कर्ज काढून पिठाची गिरणी आणि मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र टाकायचं आमच्या मनात होतं. नेकनूरचा आठवडी बाजार केवढा मोठा, आजूबाजूच्या गावची माणसं येतात. बाजाराच्या दिवशी दळण आणि मसाला दोन्ही चालेल, हा आमचा हिशोब. यंत्रांचं कोटेशन आलं 1 लाख 10 हजार. आणि जागा? जागा एकच, वर्कशॉपचा रस्त्याकडचा कोपरा. तिथं गाडी.

त्यातच मांजरसुंब्याकडचे एक हॉटेलवाले आले. म्हणाले, हॉटेलसमोर शोभेला उभी करतो, 70 हजार देतो. त्याआधी एक भंगारवाला वजनावर 11 हजार सांगून गेला होता. त्याला आमच्या धाकट्या भावजींनी चहासुद्धा पाजला नाही.

घरात बोलणं सुरू झालं. थोरले म्हणाले, "उभ्या गाडीला गंज खातोय. द्यावी." धाकटे म्हणाले, "बापाच्या हाताची वस्तू हाय. पैशापायी इकायची का?" पाहुणेरावळेही बोलले. एक जण म्हणाला, जुन्या गाड्यांना लाखांनी भाव येतो, थांबा. मग आम्ही चौकशी केली, कारण अशा बोलण्यावर घर चालत नाही. सरकारनं 2021 साली जुन्या, म्हणजे विंटेज गाड्यांचा नियम केला. त्यात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच बसते. आमची गाडी जुनी दिसते, पण जुनी नाही, आणि नोंदणी तर कधी झालीच नाही. तेव्हा लाखांची आशा तिथंच संपली.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. नोंदणीशिवाय कुठलीही मोटार सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. उद्या ती कुणी रस्त्यावर काढली आणि कुणाला लागलं, तर भरपाई खिशातून. म्हणून आम्ही म्हटलं, विकायची तर पावतीवर स्पष्ट लिहून द्यायचं आणि लिहून घ्यायचं, की ही शोभेची वस्तू आहे, रस्त्यावर चालवण्यासाठी नाही.

इथं मैत्रिणींनो, एक गोष्ट सांगतो, ती ज्यांच्या घरी पासिंगची गाडी आहे त्यांच्यासाठी. घरातला माणूस जातो, मोटरसायकल त्याच्याच नावावर राहते आणि कुणीतरी ती फिरवत राहतं. मालक वारल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि 3 महिन्यांच्या आत नमुना 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. आणि विकली, तर नमुना 29 आणि 30 भरून घेणाऱ्याचं नाव लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. कागदावर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट सांगितलंय. नुसते पैसे घेऊन किल्ली देऊ नका.

तिसरी गोष्ट हक्काची. गाडी कुणाची? दोघं भाऊ आपसात बोलत होते, जणू प्रश्न त्यांचाच आहे. मामांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा वेळी हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या वस्तूत बायको, मुलगे आणि मुली सगळ्यांचा सारखा वाटा. म्हणजे आमच्या आत्याबाई, दोघं भाऊ आणि केजला दिलेल्या आमच्या वन्सं, असे चार वाटे. जमिनीच्या वेळी बहिणीची आठवण सह्या घेण्यापुरती होते आणि गाडी-गुरं, भांडीकुंडी यांच्या वेळी तीही होत नाही. आम्ही म्हटलं, आधी वन्संना बोलवा. आम्हा सुनांचा त्यात कायद्यानं वाटा नाही. तरी बोलायचा हक्क आहे, कारण जागा आम्हाला हवी होती आणि ते आम्ही लपवलं नाही.

वन्सं आल्या, तेव्हा एक गोष्ट बाहेर आली, जी आम्हाला दोघींना माहीत नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, "चाकाला पैसे नव्हते तवा मह्या दोन शेळ्या गेल्या. मला कुणी इचारलं नव्हतं. सांजच्याला दावणीला बगितलं तर दोनच." कुणी काही बोललं नाही. तीस वर्षं आम्ही सगळे त्या गाडीला मामांची गाडी म्हणत होतो. तिची चारही चाकं आत्याबाईंच्या शेळ्यांवर फिरत होती.

धाकट्या भावजींनी विचारलं, "मग आई, तूच सांग. ठिवायची का द्यायची?" त्या म्हणाल्या, "आता इचारलंस. मला बघू दे, कुठं जायचीय ती."

आणि खरंच त्या दुसऱ्या दिवशी हॉटेल बघायला गेल्या. आम्ही दोघी बरोबर. हॉटेलवाल्यांनी जागा दाखवली, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर. आत्याबाई म्हणाल्या, "पाण्या-पावसात ठिवणार असाल तर न्हाई. वर पत्रं टाका. आन् तिच्या अंगावर हाटेलाचं नाव रंगवायचं न्हाई." ते तयार झाले. मग त्यांनी भाव केला. 70 चे 78 हजार केले. बाजारात शेळ्या विकून हात बसलेली बाई ती.

मैत्रिणींनो, आम्ही त्या रात्री वहीत मांडणी केली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. कुठलीही जीव लावलेली वस्तू असो, शिलाई मशीन असो, बैलजोडी असो, आईची पितळी भांडी असोत, काही गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात ती किती वेळा कामाला आली? तिची देखभाल कोण करतं आणि पुढं दहा वर्षांनी कोण करणार? तिनं किती जागा अडवलीय? तिच्या पैशातून जे येईल, ते घरात कुणाच्या हाती जाईल? आणि शेवटचा प्रश्न, आपल्याला त्या वस्तूतलं नेमकं काय जपायचंय?

या शेवटच्या प्रश्नावर आमचं घर बराच वेळ थांबलं. आमच्याकडं बैल विकला, तरी दावं घरी ठेवतात. मग गाडीचं दावं काय? कुणी म्हणालं भोंगा, कुणी म्हणालं स्टिअरिंग. शेवटी वर्कशॉपच्या माळ्यावरून मामांची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात त्यांची मापाची वही होती, बॉनेटचा बाक येण्यासाठी केलेले लाकडी साचे होते, पुठ्ठ्याचे नमुने होते. आमचा मोठा मुलगा आयटीआयला फिटरचा कोर्स करतो. तो वही चाळत बसला. म्हणाला, "हे असलं तर गाडी परत करता येती." आम्हाला पटलं. गाडी गेली, तर ती पुन्हा करता येईल. माप गेलं, तर नाही. आपल्या आज्या-पणज्यांची किती कामं अशी गेली, वस्तू राहिली आणि ती करायची रीत कुणाला येईना. पेटी घरी ठेवायची ठरली, आणि मामांचा मोठा हातोडाही.

पैशाचं असं ठरलं. 78 हजारांत चार वाटे होतात, प्रत्येकी साडेएकोणीस हजार. वन्संना आम्ही त्यांचा वाटा हातात दिला. त्या नको म्हणत होत्या. आत्याबाईंनी दटावलं, "घे. मला न इचारता शेळ्या गेल्या, तुला इचारून पैसे येऊ दे." आत्याबाईंचा वाटा त्यांच्या नावानं बँकेत ठेवला. दोघा भावांनी आपले वाटे गिरणीला दिले, ते झाले 39 हजार. उरलेल्या 71 हजारांचं कर्ज गटातून घेतलं, आणि गिरणी आमच्या दोघींच्या नावावर झाली. हप्ता आमचा, हिशोबही आमचा.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. गाडी टेम्पोवर चढवली, त्या दिवशी धाकटे भावजी घरी थांबले नाहीत. अजूनही त्या रस्त्यानं जाताना ते मान वळवतात. त्यांचं चूक आहे असं आम्हाला वाटत नाही. बापाबरोबर पत्रा धरून उभं राहिलेलं पोर ते, त्याला त्या गाडीत बाप दिसतो. आम्हाला तिथं अडलेली जागा दिसत होती, आत्याबाईंना दोन शेळ्या दिसत होत्या. एकाच वस्तूत घरातली माणसं वेगवेगळं बघतात. म्हणून एकानं ठरवू नये. सगळ्यांना एकदा बोलू द्यावं, मग ठरवावं. ठेवायचं ठरलं तरी हरकत नाही, पण मग ती कोण सांभाळणार तेही त्याच बैठकीत ठरावं.

तुमच्या घरात अशी कुठली वस्तू उभी आहे का, जिच्याबद्दल बोलायचं सगळे टाळतात? असेल तर या आठवड्यात बोला. आणि बोलायला बसाल तेव्हा घरातल्या म्हातारीला आणि सासरी गेलेल्या लेकीला आधी बोलवा. येतो आम्ही. नमस्कार.