पाच वॉटच्या रीतीभाती
(भंडारदरा येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपल्या छंदावर दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी फर्मावलंय. माझा छंद हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन मिळवायचं आणि जगभरच्या अशाच हौशी मंडळींशी बोलायचं. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही. आपली लहर आकाशात अडीच-तीनशे किलोमीटर वर जाते, तिथल्या विद्युतभारित थरावरून परत फिरते आणि हजारो किलोमीटर लांब उतरते.

सगळा छंद सांगत बसले तर जेवणं थंड होतील. म्हणून एकच गोष्ट सांगते: स्पर्धेत कमी ताकदीचं केंद्र चालवताना पाळायच्या रीतीभाती.

आमची एक मोठी स्पर्धा म्हणजे 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. तिची मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. या ४८ तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क करायचा. बोलणं अगदी मोजकं असतं. सिग्नलचा दर्जा सांगायचा आणि आपल्या विभागाचा क्रमांक द्यायचा. आपला विभाग २२. काही सेकंदांत संपर्क आटोपतो.

मोठी केंद्रं दीड हजार वॉटपर्यंत ताकद लावतात. घरगुती सेट साधारण १०० वॉटचा असतो. आमच्या गटाची मर्यादा ५ वॉट. याला 'क्यूआरपी' म्हणतात. एखाद्या लहान एलईडी दिव्याएवढी ही ताकद. पण गंमत अशी, की १०० वॉटच्या विसाव्या भागाएवढी ताकद असली तरी ऐकणाऱ्याच्या मीटरवर काटा जेमतेम दोन घरं खाली येतो. त्यामुळे आवाज बारीक होतो, पण संपत नाही.

रीतसर परवानगी घेऊन मी इथे भंडारदऱ्याला दोनदा ही स्पर्धा केली आहे. शहरात चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट यांची खरखर बारीक सिग्नल गिळून टाकते. इथे वस्तीपासून जरा लांब गेलं की रेडिओ शांत होतो. उणी बाजू म्हणजे डोंगर. एकीकडे १६४६ मीटरचा कळसूबाई, दुसरीकडे रतनगड. जमिनीलगत निघणारी लहर ते अडवतात. विल्सन धरणाचं पाणी मेगावॉटमध्ये वीज देतं आणि त्याच्या परिसरात बसून ही पाच वॉटचा हिशोब करते, म्हणून नवरा हसतो. हसू दे.

आता रीतीभाती.

पहिली, आधी ऐकायचं. समोरचं केंद्र कुणाला उत्तर देतंय, कुठल्या क्षणी थांबतंय, हे कळल्याशिवाय हाक मारायची नाही. मोठ्या केंद्रांचा गलबला संपून अर्धा सेकंद शांतता पडते, तेवढीच आपली फट.

दुसरी, कॉल साइनला 'क्यूआरपी' हे शेपूट लावायचं नाही. 'मी लहान आहे, सांभाळून घ्या' असा त्याचा अर्थ होतो. शिवाय आधीच क्षीण असलेल्या सिग्नलवर आणखी अक्षरं लादली जातात आणि समोरच्याचा वेळ जातो. कॉल साइन पूर्ण द्यायचं, एकदाच, स्वच्छ.

तिसरी, अडवून धरायचं नाही. दोन-तीन हाकांत जमलं नाही तर जागा टिपून ठेवायची आणि पुढे जायचं. रविवारी संध्याकाळी मोठ्या केंद्रांची गर्दी ओसरते, नवीन कुणी मिळत नसतं. तेव्हा तीच मंडळी आपला बारीक आवाज कान देऊन ऐकतात. माझ्या धंद्यातही हेच आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने 'अलोहानेट' हे रेडिओवरचं संगणकजाळं सुरू केलं. दोन संदेश एकमेकांवर आदळले, तर दोघांनी थोडं थांबायचं, आणि किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं. लगेच पुन्हा ओरडलं तर कुणाचंच पोहोचत नाही.

चौथी, माझ्यासाठी ताकद कमी करा, असं कुणाला म्हणायचं नाही. मे-जूनमध्ये इथे काजवे बघायला आलेल्यांना ठाऊक आहे, गाडीचे दिवे बंद करा असं तिथे सांगावं लागतं आणि ते योग्यच आहे. स्पर्धेत तसं सांगता येत नाही. दीड हजार वॉटवाला त्याच्या गटाचे नियम पाळूनच उतरलेला असतो. कमी ताकदीचा गट आपण स्वतः निवडलेला असतो.

पाचवी रीत सगळ्यांत अवघड. पाच म्हणजे पाच. स्पर्धेनंतर सगळ्यांच्या नोंदी संगणक एकमेकींशी ताडून बघतो. चुकीचं कॉल साइन लिहिलं तर तो संपर्क जातो, वर दंड बसतो. पण मी किती वॉट लावले ते त्या नोंदींतून दिसत नाही. माझा सेट १०० वॉटचा आहे, बटण फिरवून तो पाचवर आणते. मागच्या खेपेला इथेच, दुसऱ्या रात्री, मॉरिशसचं केंद्र सापडलं. त्या देशाचे गुण मला हवे होते. पाऊण तासात चार वेळा परत गेले. त्याला माझी दोन अक्षरं मिळायची, उरलेली नाही. बटण हाताशी होतं, खोलीत कुणी नव्हतं. मग सिग्नल विरत गेला आणि केंद्र दिसेनासं झालं. त्या वर्षीच्या माझ्या यादीत मॉरिशस नाही.

हे झालं लहानांचं. मोठ्यांसाठी रीत एकच: गलबला थांबला की क्षणभर आणखी ऐकायचं. कारण कमी ताकद ही कुणाची हौस असते, तर कुणाची ऐपत. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा सहा वॉटचा सेट तयार केला, तो आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून घरी जोडता यावा म्हणून. त्यात तार गुंडाळायला नळाचे वॉशरही चालवले. जगभर लोकांनी तो जोडला. बारीक आवाज आला की पलीकडे हौशी स्पर्धक आहे की स्वतः जोडलेल्या सेटवर पहिल्यांदा हाक मारणारं पोर आहे, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून दोघांनाही सारखंच ऐकायचं.

आपल्या वर्गात हळू बोलणाऱ्या मुली होत्या. मी त्यांतलीच. सर 'मोठ्याने बोल' म्हणायचे नाहीत, बाकापाशी येऊन ऐकायचे. सर, त्याला आमच्या भाषेत चांगलं केंद्र म्हणतात.

उद्या सकाळी साडेसहाला मागच्या झाडावर वायर टाकणार आहे, फक्त ऐकण्यासाठी. ज्यांना यायचंय त्यांनी या. चहा मी आणते, मोबाईल आणि चार्जर खोलीत ठेवून या.