पावती हरवलेला नागरिक

(एका उपनगरातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘महानगराचे राजकारण आणि जनतेचा पैसा’ असा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मनात पहिली शंका आली ती श्रोत्यांविषयी. राजकारणावर बोलणारा वक्ता असला की सभागृह भरते आणि अर्थसंकल्पावर बोलणारा असला की मागच्या रांगा आधी रिकाम्या होतात, असा माझा अनुभव आहे. तरीही आपण एवढ्या संख्येने आला आहात, त्या अर्थी हा प्रश्न आपल्यालाही कोठेतरी बोचत असावा.

आरंभी एक घरगुती आठवण सांगतो. माझे वडील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अनेक वर्षे खजिनदार होते. महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती आली की ती तारेत ओवून ठेवायची, हा त्यांचा नेम. मात्र ओवण्याआधी ती पावती ते सभासदांच्या बैठकीत वाचून दाखवीत आणि विचारीत, “एवढे पैसे आपण दिले. या सहामाहीत आपल्या गल्लीला काय मिळाले?” मग कोणी दिव्याचे सांगे, कोणी तुंबलेल्या गटाराचे. दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे विभाग कार्यालयात जाऊन उभे राहत. ही माणसे कोणत्याही चळवळीतील नव्हती. त्यांच्या हातात पावती होती, एवढेच. आज मला बोलायचे आहे ते त्या पावतीविषयी.

मुंबईच्या नागरी राजकारणाचा जन्मच मुळी खर्चाच्या वादातून झाला, हे आपण विसरलो आहोत. १८६५च्या कायद्याने शहराचा कारभार सरकारनियुक्त ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींकडे आला आणि कार्यकारी सत्ता आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती एकवटली. गृहस्थ कर्तबगार होता. त्याने रस्ते सुधारले, शहराच्या सफाईला शिस्त लावली, मंडई उभारली. आज जिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण लोकांच्या तोंडी अजून ‘क्रॉफर्ड मार्केट’च आहे, ती हीच. परंतु खर्चाचा हात मोकळा, मंजुरीची पर्वा नाही आणि हिशेब विचारणारे मंडळ निद्रिस्त, अशी अवस्था झाली. १८७१मध्ये करदाते संतापून उठले आणि आयुक्ताचे अधिकार काढून घ्या, अशी मागणी होऊ लागली.

त्या गदारोळात सव्वीस वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर प्रवाहाविरुद्ध उभा राहिला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. नोव्हेंबर १८७१मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी निबंध वाचला, तो श्रोत्यांना रुचला नाही. कारण क्रॉफर्डला फाशी द्यायला निघालेल्या सभेत त्यांनी सांगितले की, दोष कर्त्या अधिकाऱ्याचा नसून त्याला जाब न विचारणाऱ्या मंडळाचा आहे. अधिकाऱ्याचे हात बांधून शहर चालणार नाही. त्याच्यासमोर लोकांनी निवडलेली सभा बसवा, म्हणजे तो आपोआप मर्यादेत राहील, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. पुढच्याच वर्षी, १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली आणि त्यांतील निम्मे, म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. १८८८च्या ज्या कायद्यावर मुंबई महापालिका आजही चालते, त्यावरही फिरोजशहांचीच छाप आहे. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे, तो उगाच नाही.

आता काळाचा योग पाहा. १८७२नंतर बरोबर दीडशे वर्षांनी, ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागांची संख्या यांवरील वाद न्यायालयात अडकले आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांच्या या नगरीला एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक झाले. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ असे तीन अर्थसंकल्प प्रशासनाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. पूर्वी आयुक्त स्थायी समितीपुढे अर्थसंकल्प ठेवीत, समिती त्यात फेरफार करी, मग महासभेत दिवसेंदिवस भाषणे चालत. १९९०च्या दशकात मी वार्ताहर म्हणून ती भाषणे ऐकली आहेत. त्यांत कंटाळवाणी पुष्कळ होती, काही स्वार्थीही होती. परंतु आपल्या प्रभागातील नळाला पाणी का नाही, हे कोणीतरी सर्वांदेखत विचारीत असे. प्रशासकाच्या काळात प्रभागातील कामांचा निधी आमदार मंडळी पालकमंत्र्यांमार्फत मागू लागली. कोणाला मिळाला, कोणाला मिळाला नाही, यावर वाद झाले. मी त्या वादात शिरत नाही. कारण त्या जागी दुसरा पक्ष असता तर वेगळे घडले असते, असे छातीठोकपणे सांगण्याजोगा अनुभव मला तरी आलेला नाही. जेथे विचारणारी सभा नसते, तेथे वाटप कृपेने होते. हा दोष रचनेचा आहे.

माझा प्रश्न राजकारण्यांना नाही, आपल्याला आहे. १८७१मध्ये मूठभर करदात्यांनी शहर हलवून सोडले. या चार वर्षांत ‘आमचा पैसा आमच्या प्रतिनिधींविना का खर्च होतो?’ असे विचारणारी एकही मोठी सभा माझ्या स्मरणात नाही. असे का व्हावे? आपण बधिर झालो आहोत, असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, कारण निराळे आहे. आपल्या हातची पावती गेली आहे.

ती कशी गेली, ते पाहू. कित्येक वर्षे महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न जकातीचे होते. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत. जकात भरी व्यापारी, परंतु ती द्यावी लागे आपल्याला, तांदळाच्या आणि साबणाच्या किमतीतून. त्याची पावती घरात येत नसे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात संपली. नाक्यांवरचा वेळ आणि गैरव्यवहार वाचला, हे चांगलेच झाले. मात्र त्या बदल्यात महापालिकेला राज्य शासनाकडून भरपाई मिळू लागली. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ही भरपाई १४ हजार कोटी रुपयांहून अधिक धरली होती, तर मालमत्ता कराचे अपेक्षित उत्पन्न होते सुमारे ५,२०० कोटी. म्हणजे नागरिक ज्याची पावती पाहू शकतो, त्या कराच्या अडीच पटीहून अधिक रक्कम वरून येते. पैसा आपलाच; पण तो मंत्रालयाला वळसा घालून येतो आणि वळशात त्याची ओळख पुसली जाते.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. १ जानेवारी २०२२पासून मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ झाला. या सभागृहातील अनेकांची घरे त्यांत असतील, माझेही आहे. आपल्याला आनंद झाला आणि तो अस्वाभाविक नव्हता. चाळीतून, झोपडीतून दोन खोल्यांत आलेल्या कुटुंबाला दिलासा मिळाला, हे मी नाकारीत नाही. परंतु वडिलांची ती तार मला आठवली. कर गेला, त्याबरोबर ‘आपल्याला काय मिळाले?’ हा सहामाहीचा प्रश्नही गेला. ज्याने काही दिलेच नाही, त्याला मिळेल ते प्रसाद म्हणून घ्यावेसे वाटते. आणि प्रसाद देणाऱ्याला कोणी हिशेब मागत नाही.

येथे गैरसमज नको. जो कर भरतो त्यालाच हक्क, असे मला म्हणायचे नाही. ती १८७२ची मर्यादा होती आणि १९४८मध्ये प्रौढ मताधिकाराने महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा ती ओलांडली गेली, हे योग्यच झाले. पदपथावर झोपणारा मजूरही काडीपेटी विकत घेतो तेव्हा कर देतो. माझे म्हणणे एवढेच की, प्रत्येक जण देतो आहे आणि जवळजवळ प्रत्येकाला वाटते आहे की आपण देत नाही. या समजुतीवर खर्चाचे राजकारण सुखेनैव चालते.

ते कसे चालते, याची दोन उदाहरणे देतो. दरवर्षी फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत मोठा आकडा छापून येतो. २०२५-२६चा आकडा ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. आपण अभिमानाने तो एकमेकांना सांगतो. पण २०१६-१७मध्ये हाच आकडा ३७,०५२ कोटी होता आणि पुढच्या वर्षी तो एकदम २५,१४१ कोटींवर आला. एका वर्षात मुंबई एक तृतीयांशाने गरीब झाली होती काय? नाही. प्रत्यक्षात खर्च होऊ न शकणाऱ्या तरतुदी वर्षानुवर्षे फुगवून दाखविल्या जात होत्या. त्या वगळून आकडा वास्तवाजवळ आणला गेला. तरतूद म्हणजे खर्च नव्हे आणि खर्च म्हणजे काम नव्हे. ज्या घरातील गृहिणी महिन्याचा जमाखर्च लिहिते, तिला हे सांगावे लागत नाही. तीच दृष्टी आपण नगराच्या हिशेबाकडे का वळवीत नाही?

दुसरे उदाहरण २६ जुलै २००५चे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतीच व्यवस्था पूर्ण टिकली नसती, हे खरे. परंतु शहराच्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसापुरत्याच आहेत, त्यांची क्षमता दुप्पट करावी, असे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३पासून महापालिकेकडे होता. बारा वर्षे त्यातले फारच थोडे हलले. कारण काय? गटाराला कोनशिला नसते. भूमिगत वाहिनीचे उद्घाटन करून छायाचित्र काढता येत नाही. जमिनीखालच्या खर्चाचा पाठीराखा एकच असू शकतो, आणि तो म्हणजे विचारणारा नागरिक. तो गप्प राहिला की पैसा दिसणाऱ्या गोष्टींकडे धावतो.

महापालिकेच्या बँकांतील ठेवींविषयीही असेच. २०२२मध्ये त्या ९० हजार कोटींच्या आसपास होत्या. एक बाजू म्हणते, ठेवींना हात लावू नका. दुसरी म्हणते, लोकांसाठी पैसा खर्च करा. त्या ठेवींतील मोठा भाग कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमा यांच्याशी बांधलेला असतो. मग खरोखर मोकळा पैसा किती आणि तो कोणत्या कामाला, हा खरा प्रश्न. तो विचारायला घोषणा पुरत नाही, वही लागते.

मग आपण काय करावे? कार्यकर्त्यांच्या सभेत उपाय सांगितल्याविना वक्त्याची सुटका नसते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा स्वतः वेगळा करण्यास आरंभ केला. त्या धडपडीतूनच पुढे ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना मुंबईभर रुजली. एका गल्लीने शहराला शिकविले. तसेच हिशेबाचे करता येईल. महापालिकेचा अर्थसंकल्प कोणालाही पाहता येतो. माहितीचा अधिकार २००५पासून देशभर आपल्या हाती आहे. साऱ्या ७४ हजार कोटींचा भार कोणी डोक्यावर घेऊ नये. आपल्या वस्तीतील एक रस्ता, एक नाला, एक शाळा निवडा. त्यासाठी तरतूद किती झाली, काम कोणाला दिले, दोषदायित्वाचा कालावधी किती, आणि पाऊस पडून गेल्यावर काय उरले, या चार गोष्टी एका वहीत लिहा. वर्षातून दोनदा ते वस्तीत वाचून दाखवा. नगरसेवकाला बोलवा. तो आपल्या विचारांचा असेल तर आधी बोलवा. आपल्या माणसाला जाब विचारणे सर्वांत अवघड असते आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक.

फिरोजशहांनी १८७१मध्ये सांगितले ते एवढेच होते की, विचारणारी सभा जागी असली पाहिजे. आता नगरसेवकांची सभा पुन्हा भरली आहे. तिच्या मागे वस्तीवस्तीतील सभा भरली नाही, तर ती पुन्हा झोपी जाईल. वडिलांची ती तार अजून माझ्या कपाटात आहे. शेवटची पावती २०२१ची आहे. तिच्यावर आता एक वही ठेवायची, असे मी ठरविले आहे. आपणही ठरवावे, ही विनंती करून मी माझे बोलणे संपवितो.