धाप लागण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक सभेत छातीविकार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एक गृहिणी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. थंड पाण्यात हात घातला की त्यांची बोटे पांढरी व मग निळी पडत. हातांची कातडीही ताठरली होती. हा स्क्लेरोडर्मा होता. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप वयामुळे असेल, असे घरात सर्वांनी मानले होते. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी व्रण पसरलेले दिसले. उपचारांनी त्यांची वाढ थांबली, पण गमावलेले फुप्फुस परत आले नाही. त्यांच्या मुलाने विचारले, "हे आधी कळले नसते का?" आज त्याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

स्क्लेरोडर्मा, आमवात, स्नायूदाह हे संयोजी ऊतींचे विकार. यांत शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांच्या मृत्यूस आज फुप्फुसांचे विकारच प्रामुख्याने कारणीभूत ठरतात.

धोका कोणाला अधिक, हे काही अंशी रक्तच सांगते. स्क्लेरोडर्मात 'एससीएल-७०' प्रतिपिंडे आढळल्यास फुप्फुसात व्रण होण्याचा संभव वाढतो. 'सेंट्रोमिअर' प्रतिपिंडे असल्यास तो कमी असतो. मात्र पुढे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढू शकतो. स्नायूदाहाच्या रुग्णात 'एमडीए-५' आढळले, तर काही आठवड्यांतच श्वास संकटात येऊ शकतो. आमवातात पुरुष, वयस्कर आणि धूम्रपान करणारे रुग्ण अधिक जपावे लागतात.

नुसत्या एक्स-रेवर विसंबता येत नाही. आरंभीचे व्रण त्यात दिसत नाहीत. स्पायरोमेट्रीलाही मर्यादा आहे. ज्याची श्वासक्षमता मुळात ११० टक्के होती, तो ८५ वर घसरला तरी अहवालात 'सामान्य' असेच लिहिले जाते. म्हणून पहिला स्कॅन आणि त्यानंतर ठरावीक अंतराने श्वासचाचणी, अशी जोड हवी. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही धोका असलेल्यांसाठी या दोन्ही तपासण्या सुचवितात. स्क्लेरोडर्मात व्रणांनी फुप्फुसाचा २० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला, तर पुढील वाटचाल बिकट असते, हे २००८ च्या एका अभ्यासात दिसून आले.

हे अनुमान आहे, भविष्यकथन नव्हे. धोक्याच्या यादीतील काही रुग्ण आयुष्यभर ठणठणीत राहतात. यादीबाहेरचा एखादा अचानक खालावतो. तरीही आधी कळण्याला आज अर्थ आहे. मायकोफेनोलेट हे सायक्लोफॉस्फामाइडइतकेच उपयुक्त आणि अधिक सुसह्य असल्याचे २०१६ मध्ये दिसले. निंटेडॅनिबने श्वासक्षमतेची घसरण मंदावते, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले. ही औषधे उरलेले फुप्फुस राखतात; म्हणून पुष्कळ उरलेले असतानाच ती सुरू व्हावयास हवीत.

अडचण येथेच आहे. ज्याला धाप लागत नाही, त्याचे कुटुंब स्कॅनचा खर्च का करील? "त्रास नाही, मग तपासणी कशाला?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला तो विचारण्याचा अधिकारही आहे. शस्त्रक्रियेसाठी साहाय्य सहज मिळते. अद्याप धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाच्या तपासणीसाठीही ते मिळावे, एवढीच देणगीदारांना विनंती आहे. आणि नातेवाइकांना सांगणे हे, की बोटे पांढरी पडणे, कोरडा खोकला, नेहमीच्या जिन्यावर थांबावे लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास वयाला दोष देऊ नका. रुग्णाला घेऊन या.