रुग्णासह मुंबईस जाणाऱ्यांसाठी चार सूचना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुंबईची शोभा वर्णन करण्यासाठी मी उभा नाही. जळगाव-धुळ्याकडील पुष्कळ कुटुंबांना मुंबईचे पहिले दर्शन घडते ते परळच्या रुग्णालयांमुळे. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. आणि १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय तेथेच आहे. रुग्णाची चिंता वाहताना सोबतचा मनुष्य स्वतः उपाशी राहतो आणि गर्दीत धावाधाव करतो. तोच कोसळला तर रुग्णाकडे पाहावे कोणी? म्हणून आज या सोबत्याविषयीच बोलतो.

प्रथम प्रवास. आपली गाडी दादरला थांबते, की कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपते, हे तिकीट काढतानाच पाहावे. दादरहून परळ अवघे एक स्टेशन. परंतु जलद लोकल तेथे सहसा थांबत नाही, म्हणून धीमी धरावी. दादरला मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेंचे फलाट आहेत. पूर्वी एकाच क्रमांकाचे दोन-दोन फलाट असल्याने परगावचा मनुष्य गोंधळून जाई; ९ डिसेंबर २०२३ पासून क्रमांक सलग झाले आहेत. रुग्णाला चालवत नसेल तर टॅक्सी करावी. त्या भागात रिक्षा मिळत नाही. कर्करोगाच्या रुग्णांस लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यात बसता येते. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत.

घाई मात्र कटाक्षाने टाळावी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, परळला लागून असलेल्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. पुलावर गर्दी दाटलेली दिसली की फलाटावर बाजूला थांबावे. एक लोकल गेली तरी थोड्याच वेळात दुसरी येते.

दुसरी गोष्ट अन्नाची. घरून दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी व आपली केळी न्यावीत. पहिला दिवस निभावतो. पुढे उडप्याच्या उपाहारगृहात इडली किंवा राइस प्लेट घ्यावी. बसण्यापूर्वी दर विचारावा. त्यात लाज कसली? वडापाव दादरचाच, पण तो अल्पोपाहार होय. चार-चार दिवस त्यावर काढू नयेत. उघड्यावरची कापलेली फळे व सरबत वर्ज्य करावे. दोघे सोबती असतील तर पाळीपाळीने जेवावे. एकटाच असेल त्याने रांगेतील शेजाऱ्यास सांगून जावे; त्याच्यावरही तोच प्रसंग असतो, तो नाही म्हणत नाही. पैसे वाचविण्यासाठी उपास करणे ही काटकसर नव्हे.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त यांची सोय होते. जागा मोजकी असते. म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. फाटकाबाहेर सलगी करणाऱ्या अनोळखी मनुष्याच्या हाती पैसे वा कागद देऊ नयेत.

चौथी सूचना जाणाऱ्यांसाठी नसून आपल्या मंडळासाठी आहे. मुंबई, ठाणे, कल्याण येथे आपली अनेक घरे आहेत. जी घरे रुग्णाच्या सोबत्यासाठी एक वेळचा डबा देऊ शकतील, त्यांची यादी मंडळाने करावी. आणि डबा मागणाऱ्यास जात विचारू नये. "काही लागले तर कळवा" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. भुकेल्या मनुष्याला हवे असते ते "जेवायला या" हे निमंत्रण.